विमान बदललं तर आम्हाला आधी सांगा

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

प्रत : नागरी विमान वाहतूक मंत्रालय, तसेच जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबारचे खासदार

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी जळगावची. एका शाळेत मराठी शिकवते. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, भुसावळला रेल्वेत गार्ड होते. आता वय ७४. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला. भाऊ दक्षिणेत नोकरीला आहे, म्हणून ऑपरेशन तिकडेच करून घेतलं. महिन्याभराने त्यांना घरी आणायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावून सांगितल्या. मांडी आणि कंबर यांच्यात काटकोनापेक्षा जास्त वाक येऊ द्यायचा नाही, बुटक्या सीटवर बसवायचं नाही, आणि जिने शक्यतो टाळायचे.

या तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून मी तिकीट काढलं. आमच्या जळगावच्या विमानतळावर उतरतात ती पंख्यांची लहान विमानं, एटीआर. त्यांच्यात बसवायला नको म्हणून मुद्दाम संभाजीनगरचं, मोठ्या जेट विमानाचं तिकीट घेतलं. संभाजीनगरहून सिल्लोड, अजिंठा, फर्दापूर करत जळगावला यायला दीडशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. तो रस्ता पत्करला, पण विमान मोठंच असू दे, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं. पहिल्या रांगेतली, वाटेकडची सीट पाय मोकळे राहावेत म्हणून जादा पैसे भरून घेतली. व्हीलचेअर सांगून ठेवली. ऑपरेशन झालेल्या प्रवाशाचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीनिशी भरून पाठवला. माझ्या हातात होतं ते सगळं मी केलं.

निघायच्या दिवशी गेटवर पोहोचलो तर आमच्या उड्डाणाचा गेट नंबर बदललेला. टर्मिनलला जोडलेल्या पुलावरून थेट विमानात जायचं होतं, त्याऐवजी खाली, बसच्या गेटवर. तिथल्या मुलाने सांगितलं, ‘इक्विपमेंट चेंज झालंय, मॅडम.’ नानांना वाटलं त्यांची व्हीलचेअर बदलताहेत, म्हणून ते उठायला लागले. मला उमगायला अर्धा मिनिट लागला. विमानच बदललं होतं. जेटऐवजी एटीआर आलं होतं.

त्यानंतरचा पाऊण तास मी आपल्यासमोर सविस्तर मांडते, कारण नियम लिहिताना हा पाऊण तास डोळ्यांसमोर असावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नवीन बोर्डिंग पास छापून आला. त्यावर रांग पहिलीच होती, म्हणून मला हायसं वाटलं. पण जेटमध्ये पुढच्या दाराने चढतात, त्यामुळे पहिली रांग दाराला लागून असते. एटीआरमध्ये पुढच्या भागात सामान ठेवतात आणि माणसं मागच्या दाराने चढतात. म्हणजे पहिली रांग दारापासून सगळ्यात लांब. आकडा तोच, पण ज्या माणसाने चार पावलं वाचवण्यासाठी पैसे भरले, त्याला अख्खं विमान चालत जावं लागणार. दाराशी अरुंद, उंच पायऱ्या. एक मुलगा पुढे, एक मागे, आणि मध्ये नाना, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. आतल्या वाटेत वॉकर उघडेना. दोन्ही बाजूंच्या सीटच्या पाठी धरत ते निम्म्यापर्यंत गेले आणि थांबले. अमळनेरकडचे आहेत ते, जीव थकला की अहिराणीत बोलतात. मला म्हणाले, ‘माले आते इतलं चालता येत नही.’

तरीही कसेबसे पहिल्या रांगेशी पोचलो. तिथे हवाई सेविकेने हात जोडून सांगितलं की या रांगेला लागून आपत्कालीन दार आहे, पायाने अधू प्रवाशाला इथे बसवता येत नाही. तिचं अगदी बरोबर होतं. संकटात ते दार उघडायला धडधाकट माणूसच तिथे हवा, हे मलाही पटतं. पण मग संगणकाने त्याच प्रवाशाला तीच रांग दिली कशी? नानांना पुन्हा सगळी वाट मागे चालावी लागली. एका तरुणाने आपली मागची सीट सोडून दिली. त्या सीटवर गुडघे समोरच्या पाठीला टेकत होते. मी शाल घडी करून त्यांच्या खाली सरकवली, म्हणजे कंबर जराशी वर राहील. पुढचा सगळा प्रवास नाना समोरच्या सीटची कड घट्ट धरून बसले होते. पाणीसुद्धा घेतलं नाही, कारण उठावं लागलं तर काय, ही धास्ती.

त्या दिवशी एकही कर्मचारी आमच्याशी उर्मट वागला नाही, हे मी मुद्दाम लिहिते. पायऱ्यांवरच्या दोन्ही पोरांनी नानांना स्वतःच्या वडिलांसारखं सांभाळलं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. कंपनीचं नावही मी लिहीत नाही, कारण कंपनी बदलली असती तरी चित्र हेच राहिलं असतं. त्रुटी नियमात आहे आणि नियम आपल्या हातात आहे.

घरी आल्यावर मी तक्रार केली. उत्तर आलं की परिचालनाच्या कारणामुळे विमान बदलावं लागलं आणि तिकिटाच्या अटींनुसार विमानाच्या प्रकाराची हमी दिलेली नसते. मी अटी काढून वाचल्या. खरंच तसं लिहिलेलं आहे. सीटचे जादा पैसे तिसऱ्या मेलनंतर परत आले. बाकी काही नाही, कारण कागदावर काही घडलंच नव्हतं. उड्डाण रद्द झालं नव्हतं, दोन तासांचा उशीर नव्हता, बोर्डिंग नाकारलं नव्हतं, वरच्या वर्गातून खालच्या वर्गात बसवलं नव्हतं.

ही चारही नावं मला आपल्याच नियमांतून कळली. उड्डाणं रद्द होणं, उशीर आणि बोर्डिंग नाकारणं याबद्दलचे आपले नियम मी आधी कधी वाचले नव्हते. आता वाचले, आणि ते चांगले आहेत असं माझं प्रामाणिक मत आहे. कन्फर्म तिकीट असून चढू दिलं नाही आणि एका तासाच्या आत निघणारं दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई आहे. दुसरं विमान २४ तासांच्या आतलं असेल तर मूळ भाडं आणि इंधन शुल्क यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराचं असेल तर चौपट, कमाल २०,००० रुपये. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते प्रवाशाने निवडायचं. आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून आपण आणखी एक चांगली गोष्ट केली. घेतलेल्या वर्गापेक्षा खालच्या वर्गात बसवलं तर देशांतर्गत प्रवासात करासह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत. परदेशच्या प्रवासात अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के.

म्हणजे बिझनेस क्लासचं तिकीट काढलेल्या माणसाला इकॉनॉमीत बसवलं, तर त्याचं काय हिरावलं गेलं हे आपण ओळखलंत आणि त्याची किंमत ठरवलीत. इकॉनॉमीचंच तिकीट काढलेल्या माणसाचंही विमान बदललं की बरंच काही जातं. सीट जाते, दार जातं, पाय ठेवायची जागा जाते, डोक्यावरच्या कप्प्यात मावणारी बॅग जाते. आमची औषधांची बॅग पायऱ्यांशीच काढून घेतली होती, कारण एटीआरच्या कप्प्यात चाकांची बॅग बसत नाही. त्यातली दुपारची गोळी मला घाईघाईने शोधून काढावी लागली. हे जाणं आपल्या नियमांत कुठल्याच नावाने येत नाही. त्याला नाव द्या, एवढ्यासाठी हे पत्र.

विमान बदलूच नका, असं मी म्हणत नाही. यंत्रात बिघाड असेल तर ते विमान उडवू नयेच. एखादं विमान दुरुस्तीला गेलं तर त्याच्या जागी हाताशी असेल ते पाठवावं लागतं, हे रेल्वेच्या घरात वाढलेल्या मुलीला कुणी समजावून सांगायला नको. पण आयत्या वेळी समजलं म्हणून प्रवाशाला सांगता आलं नाही, ही सबब एअरबससारख्या मोठ्या जेटच्या जागी एटीआर येतं तेव्हा तरी टिकत नाही. एअरबस चालवणारा वैमानिक एटीआर चालवत नाही. प्रत्येक प्रकारच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण आणि परवान्यावर वेगळी नोंद लागते. हे आपल्याला मी काय सांगावं, हे नियम आपल्याच कार्यालयाचे. म्हणजे ज्या क्षणी एअरबसच्या जागी एटीआर पाठवायचं ठरलं, त्या क्षणी कुणीतरी दुसऱ्या वैमानिकांना फोन केला, कुणीतरी नवा सीटचा नकाशा संगणकात चढवला, कुणीतरी गेट बदललं. इतक्या जणांना कळवायला वेळ मिळाला. नानांच्या मोबाईलवर मात्र त्या सकाळी आलेला शेवटचा मेसेज ‘आपला प्रवास सुखाचा होवो’ असा होता.

आणखी एका बाबीकडे लक्ष वेधते. विशेष मदत लागणाऱ्या प्रवाशाने ४८ तास आधी कळवावं असं आपला नियम सांगतो. योग्य आहे, विमान कंपनीला तयारी करावी लागते. मग त्याच प्रवाशाची जी तयारी आहे, ती मोडणारा बदल त्याला कळवायला कंपनीवर कालमर्यादा का नसावी? आम्ही ४८ तास आधी सांगितलं आणि आम्हाला ४० मिनिटं आधी समजलं, तेही विचारल्यावर.

व्हीलचेअरच्या तीन खुणा असतात, हे मला या प्रकरणात कळलं. ‘आर’ म्हणजे लांबवर चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात. ‘एस’ म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत, आत थोडं चालता येतं. ‘सी’ म्हणजे सीटपर्यंत न्यावंच लागतं. तिकीट काढताना मला विचारलं, ‘थोडं चालतात ना?’ मी हो म्हणाले, आणि आमच्या नावापुढे ‘आर’ पडलं. पुलावरून जायचं असतं तर ‘आर’ काय आणि ‘एस’ काय, फरक पडलाच नसता. माझ्याकडूनही तिथे चूक झाली, ती मी कबूल करते. पण हा फरक जिवावर बेततो तो नेमका विमान बदललं की. म्हणून विमान बदललं त्या क्षणी या खुणा असलेल्या प्रत्येक प्रवाशाला कंपनीच्या माणसाने फोन करून विचारलं पाहिजे की पायऱ्या आहेत, चढवेल का? एका उड्डाणात असे कितीसे प्रवासी असतात? फोन लावायला फार वेळ लागणार नाही.

अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०२४ मध्ये परताव्याचे नवे नियम आणले. त्यात एक वाक्य असं आहे की दिव्यांग प्रवाशाच्या दृष्टीने कमी सोयीच्या विमानात बदल झाला, तर तो ‘मोठा बदल’ मानायचा, आणि प्रवाशाने तो नाकारला तर त्याला पूर्ण पैसे परत मिळायचे. मी ते वाक्य नानांना मराठीत वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘म्हणजे तिथे कुणाच्या तरी बापाला चालायला लागलं असणार.’ तिकडचं सगळंच चांगलं आहे असं नाही. सुरक्षेच्या किंवा परिचालनाच्या कारणाने लहान विमान आणावं लागलं आणि त्यामुळे कुणाची जागा गेली, तर तिकडे बोर्डिंग नाकारल्याची भरपाई मिळत नाही. आपल्याकडे असं व्हायला नको. १८० जागांच्या विमानाऐवजी ७८ जागांचं विमान आलं आणि माणसं मागे राहिली, तर त्यांना बोर्डिंग नाकारलंच गेलं, हे आपल्या नियमात स्वच्छ शब्दांत लिहिलेलं असावं. मागे राहण्यासाठी आधी स्वेच्छेने कोण तयार आहे ते विचारायचं, ही पद्धत आपण घालून दिलेली आहेच. तीच इथेही चालेल.

पण दूरचं कशाला, रेल्वेचं घ्या. नानांनी भुसावळहून कितीतरी वर्षं गाड्यांवर ड्युटी केली. एसीचं तिकीट काढलं आणि डबा एसीचा लागलाच नाही, किंवा वाटेत एसी बंद पडला, तर तपासनिसाकडून दाखला घ्यायचा आणि भाड्यातला फरक परत मागायचा, ही सोय रेल्वेत आहे. डब्यांचा क्रम बदलला तर गाडी यायच्या आधी फलाटावर पुकारतात, कारण म्हातारं माणूस चुकीच्या टोकाला उभं असेल तर दोन मिनिटांच्या थांब्यात त्याला डबा गाठता येत नाही. नाना म्हणतात, ‘रेक (गाडीचे सगळे डबे) बदलला की पहिलं काम पुकारायचं, बाकीचं मग.’ विमानतळावर मी पुकारा ऐकला तो फक्त गेट बदलल्याचा.

आता खानदेशाबद्दल थोडं, कारण आमच्याकडे हा प्रश्न मुंबई-दिल्लीपेक्षा जास्त बोचतो. जळगावचा विमानतळ नव्या रूपात २०१२ मध्ये सुरू झाला. आमच्याच जिल्ह्याच्या, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. प्रवासी विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडला. लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारच्या ‘उडान’ योजनेमुळे ते आलं, आणि तेही १९ आसनांचं. नंतर सेवा बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली, आणि आता परत सुरू आहे. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, पण धुळेकरांना विमान गाठायला नाशिक, शिर्डी किंवा संभाजीनगर गाठावं लागतं. नंदुरबारच्या माणसाला सुरत जवळ. म्हणजे आम्हा बहुतेकांचा विमानप्रवास तीन-चार तासांच्या रस्त्याने सुरू होतो किंवा संपतो. ‘पुढच्या विमानाने जा’ हे वाक्य महानगरातल्या माणसाला तासाभराचं पडतं. आमच्याकडे पुढचं विमान उद्या असतं, कधी परवा. म्हणून पर्याय देताना तो जवळच्या दुसऱ्या विमानतळाचा आणि तिथून घरापर्यंतच्या गाडीचाही असला पाहिजे. नाहीतर कागदावर पर्याय दिसतो आणि माणूस मुकाट्याने पायऱ्या चढतो. मी नानांना तशाच चढवल्या. गेटवर मला कुणी विचारलं असतं की उद्याचं जेट चालेल का, तर मी हो म्हणाले असते, भावाकडे आणखी एक रात्र राहिलो असतो.

आमचा उन्हाळाही यात येतो. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो आणि मग वजन कमी करावं लागतं. अशा दिवशी आधीच लहान असलेलं विमान सगळे प्रवासी किंवा सगळं सामान घेऊन उडेलच असं नाही. हे निसर्गाचं आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण उन्हाळा दर वर्षी येतो आणि तापमानाचा अंदाज आदल्या दिवशी हातात असतो. विमान बदलणार असेल किंवा वजनामुळे जागा कमी होणार असतील, तर हेही आदल्या दिवशी सांगता येईल.

आमच्याकडून विमानाने जातात ती माणसं कोण आहेत, हेही सांगते. रावेर-यावलच्या केळीवाल्यांची मुलं पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरूत नोकरीला आहेत. त्यांच्या बाळंतपणाला आई जाते, ऑपरेशनला वडील येतात. यातले बरेच लोक आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात. त्यांना एअरबस आणि एटीआर यातला फरक माहीत नसतो आणि तो माहीत असण्याची गरजही नाही. त्यांना समजेल अशा भाषेत, मराठीत, एवढंच सांगा : ‘आज मोठ्या विमानाऐवजी लहान विमान येणार आहे. मागच्या दाराने पायऱ्या चढाव्या लागतील. चाकांची बॅग खाली ठेवावी लागेल. आपली सीट बदलली आहे. हे चालणार नसेल तर या नंबरवर फोन करा, एक रुपयाही न कापता दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे मिळतील.’ एका मेसेजमध्ये बसतं हे सगळं.

माझी मागणी हीच आहे. विमानाचा प्रकार बदलला की तो मेसेज बंधनकारक करा, आणि कंपनीने निर्णय घेतला त्या वेळेची नोंद त्यात राहू द्या, म्हणजे नंतर ‘आयत्या वेळी कळलं’ असं कुणाला म्हणता येणार नाही. ज्या सीटचे जादा पैसे घेतले ती सीट नव्या विमानात तशीच देता आली नाही, तर पैसे मागायला न लावता परत करा. व्हीलचेअर, डॉक्टरांचा फॉर्म, तान्हं बाळ, बॅटरीवर चालणारी खुर्ची, यांची नोंद असलेल्या प्रवाशांची नवी सीट संगणकाऐवजी माणसाने ठरवावी. बॅटरीची खुर्ची लहान विमानाच्या सामानाच्या दारातून आत जाते का, हे ती खुर्ची विमानतळावर पोचल्यावर मोजायचं नसतं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांजवळ बसवा, असा आदेश आपण एप्रिल २०२४ मध्ये दिला आहे. नवा नकाशा चढल्यावरही तो पाळला जातो ना, हे तपासा. आणि या प्रवाशांना नको असेल तर न जाण्याची मुभा द्या. बाकी सगळ्या प्रवाशांनाही ती मिळाली तर उत्तमच, पण सुरुवात निदान यांच्यापासून करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाहतुकीच्या सुगमतेचं कलम आहेच. नवा कायदा करायची गरज नाही, आपल्याच नियमावलीत एक परिच्छेद वाढवायचा आहे.

हे पत्र आपल्या नावाने असलं तरी माझ्या भागातली माणसंही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिते. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आदल्या संध्याकाळी बुकिंग उघडून सीटचा नकाशा पुन्हा बघा. वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीनऐवजी दोन-दोन सीट दिसल्या तर विमान बदललं आहे, लगेच फोन लावा. गेटवर समजलं तर शांतपणे दोन गोष्टी मागा, बदलाचं कारण लेखी द्या आणि आम्हाला दुसरा पर्याय द्या. घरात कुणाला पायऱ्या चढवत नसतील तर थोडं चालता येत असलं तरी व्हीलचेअर सांगताना ‘पायऱ्या चढता येत नाहीत’ हे शब्द उच्चारा. आधी कंपनीच्या, तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याकडे लिहा, मग तिथल्याच अपील अधिकाऱ्याकडे. सरकारच्या ‘एअरसेवा’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो. कंपनीचं कार्यालय कुठेही असलं तरी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसाला त्यासाठी दिल्ली-मुंबईला जावं लागत नाही. मी स्वतः अजून आयोगात गेलेले नाही. मला भरपाई नको आहे, नियम हवा आहे, म्हणून आधी आपल्याकडे आले.

नाना आता बरे आहेत. सकाळी वॉकर न घेता गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. त्या प्रवासाने सांध्याला काही झालं नाही, हे आमचं नशीब. पण घरी पोचल्यावर पहिले दोन दिवस ते पलंगावरून उठायलाच घाबरत होते. मी विचारलं तर म्हणाले, त्या पायऱ्यांवर एकदा पाय सटकला होता, तुला सांगितलं नाही.

सहा महिन्यांच्या तपासणीला त्यांना पुन्हा तिकडे न्यायचं आहे. दिवाळीनंतरचं तिकीट काढलंय, पहिल्या रांगेचे पैसे पुन्हा भरलेत, व्हीलचेअरपुढे या वेळी ‘एस’ लिहून घेतलंय. तिकिटावर आज तरी एअरबस आहे. आदल्या संध्याकाळी मी नकाशा उघडून बघणार आहे. त्याच्या आधी आपल्याकडून उत्तर आलं तर ते नानांना वाचून दाखवेन.

आपली विश्वासू,
नानांची मुलगी
जळगाव